बीएमआय २४.४ : रिपोर्ट म्हणतो जादा वजन, ॲप म्हणतं सामान्य. कुणाचं ऐकू?

शर्वरी_लिहिते

मंडळी, प्रश्न बाळबोध आहे, पण चार दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढते.

वय ४३, उंची १५८ सेंमी, वजन ६१ किलो. दिवसभर खुर्चीत बसून काम. गेल्या आठवड्यात ऑफिसतर्फे आरोग्य तपासणी झाली आणि नऊ पानांचा रिपोर्ट हातात पडला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'बीएमआय २४.४' (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) आणि शेजारी नारिंगी चौकोनात 'जादा वजन'. घरी येऊन फोनमधल्या ॲपमध्ये हेच आकडे घातले, तर मस्त हिरवा रंग आणि 'सामान्य'. बाई तीच, भागाकार तोच, निकाल मात्र दोन. तपासणीवाल्यांना फोन केला तर 'सॉफ्टवेअरच तसं दाखवतं मॅडम' यापलीकडे उत्तर नाही.

मग चेव आला आणि घरातल्या सगळ्यांचेच आकडे काढले. नवरा १७२ सेंमी, ८० किलो, सहा वर्षं नेमाने वजनं उचलतोय. त्याचा आला २७, म्हणजे माझ्याहून जाड! आई ७२ वर्षांची, १५४ सेंमी आणि ५० किलो. तिचा २१, अगदी आदर्श. पण मला तर ती वर्षभरात वाळल्यासारखी वाटते.

नेमकं काय समजायचं? हा आकडा मनावर घ्यायचा की नाही?

लोखंडी_मनगट

ताई, अजिबात घेऊ नका. बीएमआय म्हणजे निव्वळ बकवास. माझा २८ आहे आणि मी दीडशे किलो उचलतो. त्या सूत्राला स्नायू आणि चरबी यांतला फरकच कळत नाही. तुमच्या मिस्टरांना सांगा, आरशात बघा आणि खूश राहा. विषय संपला.

वर्गमूळ

इतक्या लवकर नका संपवू, मला थोडं गणित सांगायचंय. (शाळेत शिकवतो, सवय जात नाही.)

हे सूत्र डॉक्टरांचं नाहीच मुळी. बेल्जियममधले ॲडॉल्फ केटले हे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. त्यांना 'सरासरी माणूस' कसा असतो याचं भलतं कुतूहल. १८३२ च्या सुमारास त्यांनी मांडलं की मोठ्या माणसांत वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. आता गंमत बघा. चेंडूचा व्यास दुप्पट केला तर वजन आठपट होतं, म्हणजे घनाच्या प्रमाणात. माणसंही चेंडूसारखी सगळ्या बाजूंनी सारखी वाढत असती तर आपण घनाने भागलं असतं. पण उंच माणूस म्हणजे बुटक्या माणसाची फुगवलेली प्रत नव्हे, तो त्या मानाने सडपातळ असतो. म्हणून वर्ग. तोही काही दैवी आकडा नव्हे. ऑक्सफर्डचे गणितज्ञ निक ट्रेफेथन यांनी २०१३ मध्ये सुचवलं होतं की २ ऐवजी २.५ चा घात घ्या, कारण आत्ताच्या सूत्रात फार उंच माणसं आहेत त्यापेक्षा जाड ठरतात आणि बुटकी माणसं बारीक.

'बॉडी मास इंडेक्स' हे नाव तर १९७२ चं. अमेरिकेतले ॲन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजन-उंचीची वेगवेगळी सूत्रं घेतली आणि कातडीखालच्या चरबीच्या जाडीशी कुठलं जास्त जुळतं ते पाहिलं. केटलेंचं सूत्र बाकीच्यांपेक्षा थोडंसं सरस ठरलं, एवढंच. त्यांनीही फार मोठा दावा केला नव्हता. आणि मोजलेली माणसं सात हजारांहून जास्त, पण झाडून सगळे पुरुष. आज आपण त्याच फूटपट्टीने बायकांना मोजतोय.

थोडक्यात, हे सूत्र गर्दी मोजायला काढलेलं. त्याने एका माणसाचा निकाल लावायचा म्हणजे वर्गाच्या सरासरीवरून एखाद्या पोराचे गुण सांगण्यासारखं आहे.

अवांतर: १९९८ पर्यंत अमेरिकेत पुरुषांसाठी 'जादा वजना'ची रेघ २७.८ वर होती. त्या वर्षी ती २५ वर आणली आणि कोट्यवधी लोक एका ग्रामचीही भर न पडता 'जादा वजना'चे झाले.

निवृत्त_सिस्टर

शर्वरीताई, मी एकतीस वर्षं कारखान्यांच्या दवाखान्यात नोकरी केली. वार्षिक तपासणीत वजन-उंची घेणं हे माझंच काम. किती हजार माणसं त्या काट्यावर चढवली ते देव जाणे. तेव्हा जरा ऐसपैस लिहिते, सांभाळून घ्या.

आधी तुमचा दोन निकालांचा घोळ. तुमच्या ॲपने आंतरराष्ट्रीय तक्ता लावलाय. १८.५ ते २५ च्या आत सामान्य, २५ पासून जादा वजन, ३० पासून लठ्ठपणा. रिपोर्टवाल्यांनी भारतीयांसाठीचा लावलाय. त्यात २३ लाच जादा वजन सुरू होतं आणि २५ ला लठ्ठपणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही २००४ मध्ये म्हटलं होतं की आशियाई लोकांच्या बाबतीत २३ पासूनच लक्ष घालावं. म्हणजे दोन्ही बरोबर. तुमच्या उंचीला एक तक्ता ६२ किलोपर्यंत काही बोलत नाही आणि दुसरा ५७ च्या पुढे गेलात की हटकतो. रिपोर्टवर कुठला तक्ता लावलाय ते एका ओळीत छापायला काय जातं, हे मला आजवर कळलेलं नाही.

आपली रेघ खाली का? तर आपली ठेवणच तशी. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली एक फोटो छापून आला होता. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आमच्या नव्या मुलींना शिकवताना मी आधी हा फोटो दाखवायची आणि मगच काट्याला हात लावू द्यायची.

आता काट्याविषयीच. सूत्रावर सगळे तुटून पडतात, पण त्यात घातलेले आकडे कुणी तपासत नाही. बहुतेकांची उंची म्हणजे कॉलेजात असताना कुणीतरी लिहून दिलेली, ती जन्मभर पुरते. पुरुष दोन सेंटीमीटर वाढवून सांगतात. अंबाडा घातलेली बाई पट्टीखाली उभी राहिली की उंचीत अंबाडाही आला. जाड तळव्याचे बूट, खिशातला फोन, किल्ल्यांचा जुडगा हे तर रोजचंच. सकाळी मोजलं तर संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटीमीटर जास्त भरतं, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात. आणि उंचीचा आपण वर्ग करतो, म्हणजे तिथली चूकही दुणावते. वजन ६८ किलो आणि उंची पाच फूट चार इंच असेल तर बीएमआय २५.७. तोच माणूस पाच-पाच लिहून मोकळा झाला तर २४.९. एका इंचाच्या थापेने आमच्याकडे कितीतरी जण निरोगी होऊन घरी गेले!

तेव्हा पहिलं काम हे करा. सकाळी अनवाणी, केस मोकळे सोडून, टाचा, बूड आणि पाठ भिंतीला टेकवून उभ्या राहा. नजर सरळ समोर. डोक्यावर एक कडक पुठ्ठ्याची वही आडवी धरा आणि खूण दुसऱ्याला करायला सांगा. स्वतःच करायला गेलात तर मान वर होते.

दुसरं काम टेपचं. खालच्या फासळीची कड चाचपा, मग कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा, आणि दोहोंच्या मधोमध टेप फिरवा. श्वास सहज बाहेर सोडून मोजा. पोट आत ओढू नका, माझ्यासमोर सगळ्यांनी ओढलंय. पँटीचा नंबर सांगून भागत नाही, कारण पोट सुटलं की पँट त्याच्या खाली सरकते, नंबर तोच राहतो. भारतीय निकषांत बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंमीची मर्यादा आहे. आणखी सोपं म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही २०२२ पासून हे आलंय.

कंबरच का, तर चरबी किती यापेक्षा ती बसलीय कुठे याला महत्त्व जास्त. मांड्यांवरची, कुल्ल्यांवरची चरबी त्या मानाने गरीब. आतड्यांभोवतीची आणि यकृतातली नाठाळ. ती इन्सुलिनला दाद देत नाही, रक्तात चरबी सोडत राहते. पाळी जाण्याच्या सुमारास बायकांची चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते आणि वजनकाट्याला याचा पत्ताही लागत नाही. तुमचं वय त्याच उंबरठ्यावर आहे म्हणून सांगितलं.

तुमच्या मिस्टरांचं टेपच सांगेल. त्यांच्यासाठी इथे भांडायची गरज नाही.

आईविषयी मात्र मला विचारायचंय. वर्षापूर्वी वजन किती होतं? त्यांनी मुद्दाम कमी केलंय का? आणि १५४ ही उंची कधी मोजलेली? वय झालं की मणके खचून उंची घटते, तेव्हा उंचीही आत्ताची घ्या. म्हातारपणी स्नायू झिजतात आणि त्यांच्या जागी चरबी येते, आकडा जागचा हलत नाही. कधीकधी उंची घटल्यामुळे चक्क वाढतो! खुर्चीवरून हाताचा आधार न घेता, हात छातीवर बांधून, पाचदा उठायला-बसायला सांगा आणि घड्याळ लावा. शेजारी उभ्या राहा मात्र. १२ सेकंदांच्या वर वेळ लागला तर स्नायू कमजोर झाल्याची शंका घेतात.

आणि जाता जाता, घरात लहान मुलं असतील तर त्यांचे आकडे या तक्त्यात अजिबात घालू नका. त्यांचे तक्ते वय आणि मुलगा-मुलगी यांप्रमाणे वेगळे असतात. गरोदर बाईलाही हे लागू नाही.

लोखंडी_मनगट

सिस्टर, एवढं सगळं लिहून शेवटी तुम्हीही तेच म्हणताय की बीएमआय चुकतो.

निवृत्त_सिस्टर

चुकतो, पण तुम्ही म्हणता त्या बाजूला फार क्वचित. एकतीस वर्षांत 'माझं वजन स्नायूंचं आहे' म्हणणारे शंभर भेटले असतील. टेप लावल्यावर खरे निघाले ते पाच-सहा. तुम्ही असाल त्यांतले, मला काय माहीत. पण ३० च्या वर आकडा असून चरबी कमी असलेली माणसं अगदी थोडी. उलट्या बाजूची चूक मोठी आहे. आकडा २२-२३ आणि चरबी भरपूर, अशी माणसं ढीगभर. ती 'सामान्य' वाचून घरी जातात. तुमच्यासारख्यांचं नुकसान होत नाही हो, फार तर रिपोर्ट बघून राग येतो. नुकसान त्यांचं होतं.

आणि काट्याची बाजूही मांडते, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. दोन मिनिटांत, सुई न टोचता, फुकटात, शंभर माणसांतून कुणाला थांबवायचं आणि कुणाला पुढे सोडायचं हे ठरवायला त्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. ती चाळण आहे. चाळणीवर राहिलेलं सगळं खडेच असतील असं नाही आणि खाली पडलेलंही एकदा डोळ्यांखालून घालावं लागतं. पण म्हणून चाळण कुणी फेकून देतं का?

कंबर किती तुमची, सांगून टाका!

लोखंडी_मनगट

सकाळी मोजून सांगतो. :)

रात्रपाळी

मी सिस्टरबाईंच्या चाळणीतून खाली पडलेला. उंची १७०, वजन ६३, बीएमआय २१.८. मित्र 'काडी पैलवान' म्हणायचे. पस्तिसाव्या वर्षी चष्म्याचा नंबर का बदलतोय म्हणून गेलो, तर उपाशीपोटीची साखर १८६. तोवर एकाही तपासणीत कुणी कंबर मोजली नव्हती, आणि साखर बघा असं मलाही वाटलं नव्हतं. वडिलांना मधुमेह होता हे मात्र प्रत्येक फॉर्मवर लिहीत आलो होतो. फॉर्म कोण वाचतं?

डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं नाही, स्नायू वाढवायला सांगितले. आता ६५ किलो आहे, कंबर तीन सेंटीमीटरने कमी. बीएमआय वाढला आणि साखर उतरली. हे त्या सूत्राला कसं समजावायचं ते वर्गमूळ सरांनी सांगावं.

वर्गमूळ

नाही समजावता येत. :) सूत्रात दोनच गोष्टी जातात, उंची आणि वजन. बाहेर यायचं ते त्या दोहोंतूनच येणार. २०२५ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञगटानेही हेच धरलं. नुसत्या बीएमआयवर लठ्ठपणाचं निदान करू नका, कंबर तरी मोजा किंवा चरबी थेट मोजा, आणि अवयवांवर परिणाम झालाय का ते बघा. फक्त ४० च्या वर असेल तर चरबी जास्त आहे असं धरून चालायला हरकत नाही, म्हणतात.

शर्वरीताई, घरातल्या 'चरबी टक्के' दाखवणाऱ्या काट्यावर मात्र फार विसंबू नका. तो पायातून बारीकसा वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतो. त्यामुळे अंगात पाणी किती आहे यावर आकडा नाचतो. महिनोन्महिने एकाच वेळी, एकाच काट्यावर बघाल तर कल कळेल, एवढंच.

शर्वरी_लिहिते

सगळ्यांचे आभार. रविवारी सकाळी भिंत, वही, टेप असा कार्यक्रम केला.

माझी उंची १५८ नाही, १५६.५ निघाली! १५८ कुठून आलं आठवत नाही, बहुधा अकरावीच्या ओळखपत्रावरून. म्हणजे बीएमआय २४.९. भांडायला गेले होते २४.४ वरून आणि घेऊन आले २४.९. कंबर ८४. नवऱ्याची मोजली, तर त्याचीही बरोब्बर ८४. पण १७२ च्या निम्मे ८६, म्हणून तो आत आणि मी बाहेर. दिवसभर टेप गळ्यात घालून फिरत होता.

मग रिपोर्ट पुन्हा काढला. मी पहिल्या पानापुढे गेलेच नव्हते. चौथ्या पानावर एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.८ आहे, ५.७ पासून मधुमेहपूर्व स्थिती असं बारीक अक्षरांत शेजारीच लिहिलंय. ट्रायग्लिसराइड्सही (रक्तातली चरबी) वर आहेत. तिथे ना नारिंगी चौकोन ना काही. चार दिवस मी चुकीच्या पानावर भांडत होते.

आणि सिस्टर, आई. तिची आत्ताची उंची १४८ आहे. पूर्वी १५४ होती हे नक्की, जुन्या पासपोर्टवर आहे. त्यामुळे बीएमआय २१ चा २२.८ झाला, म्हणजे आकडा म्हणतोय तब्येत सुधारली. गेल्या दिवाळीत वजन ५५ होतं, आता ५०. कमी करायचा काही प्रयत्न केलेला नाही. खुर्चीचं करून घेतलं. पाचव्या वेळी हात टेकावा लागला. घड्याळात १९ सेकंद.

निवृत्त_सिस्टर

शर्वरीताई, तुमचं काम महिन्याभराने केलं तरी चालेल. कंबर चार-पाच सेंटीमीटर उतरवायचीय, चालणं वाढवा, आठवड्यातून दोनदा मिस्टरांबरोबर वजनं उचला, तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासा. तीन-चार किलो गेले तरी साखरेत फरक दिसतो. २२ चा आकडा गाठायच्या मागे लागू नका.

आईंचं मात्र लांबणीवर टाकू नका. न ठरवता वर्षात पाच किलो जाणं, म्हणजे नऊ टक्के, याचं कारण शोधावंच लागतं. थायरॉइड, साखर, दात, भूक, मन, सगळं बघतील. आणि सहा सेंटीमीटर उंची घटलीय हे डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. मणक्यांचा एक्सरे आणि हाडांची घनता तपासायला लावतील. जुना पासपोर्ट बरोबर न्या.

शर्वरी_लिहिते

गुरुवारची वेळ घेतली. पासपोर्ट पर्समध्ये टाकलाय.

लोखंडी_मनगट

९४. उंची १८१. कुणी हसू नका.